पॅसेजमधले गृहस्थ

१

मंगळवार आणि गुरुवार हे ऑड्री थ्वेटचे वेंडरबी हॉलमधले दिवस. सकाळी साडेदहाला ती मागच्या दारानं आत शिरायची, कोट खुंटीला अडकवायची, छातीवर नावाचा बिल्ला लावायची आणि नोकरांच्या जिन्यानं पहिल्या मजल्यावरच्या पिवळ्या शयनगृहात जायची. खिडक्यांचे पडदे गुडघाभरच वर ओढायचे, कारण पलंगावरच्या जुन्या रेशमाला ऊन सोसत नाही. खुर्च्यांवर पाइनची सुकी बोंडं ठेवायची, म्हणजे लोक बसत नाहीत. मग आपल्या साध्या लाकडी स्टुलावर बसून अकरा वाजायची वाट पाहायची. अकराला दारं उघडली की लोक येत, पलंगाकडे बघून मान हलवत, एखादा प्रश्न विचारत आणि पुढे बागेकडे जात. चारला सगळं बंद.

छत्तीस वर्षं तिनं नर्स म्हणून यॉर्कशरच्या खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन लोकांच्या जखमा बांधल्या होत्या. निवृत्तीनंतर घरात बसून राहणं तिला जमलं नाही, म्हणून हे बिनपगारी काम तिनं मागून घेतलं. यंदा मात्र ती एकटी येत नव्हती. नवऱ्याला, लेनला, घरी एकटं ठेवायची सोय राहिली नव्हती.

लेननं आयुष्यभर शेतांचे दगडी बांध रचले. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. त्याच्या हातचा बांध आजही मैलभर चालताना कुठे ढळलेला दिसत नाही. पण गेल्या हिवाळ्यात एकदा तो दूध आणायला गेला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून कुठे चाललो होतो ते आठवत बसला. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा. लक्ष ठेवणं ऑड्रीला चांगलं जमायचं.

"आज वार कोणता, लेन?"

"तू बिल्ला शोधतेयस. म्हणजे मंगळवार, नाहीतर गुरुवार."

"असं नाही चालायचं. नीट सांग."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "मंगळवार," तो म्हणाला, आणि लगेच, "नाही, गुरुवार."

"महिना?"

"परीक्षा संपली की चहा मिळेल का?"

त्या दिवशीही तिनं त्याला हॉलच्या भिंतीआडच्या बागेत, नाशपातीच्या झाडाखालच्या बाकावर बसवलं. तिथली माळीण जूडिथ गाजरं उपटत होती.

"आलात का?" जूडिथ म्हणाली. "आज माझ्या भिंतीत काय खोट काढणार आहात?"

"भिंत बरी आहे," लेन म्हणाला. "बांधणारा घाईत होता."

२

ते ऑड्रीच्या लक्षात आलं तेव्हा साडेअकरा वाजले असतील.

पिवळ्या शयनगृहात यायचं तर आधी चित्रांचं लांब दालन, मग दहा पावलांचा एक अंधारा पॅसेज आणि मग ही खोली. पाठीवर पिशवी घेतलेला एक आडदांड माणूस पॅसेजमधून आला आणि उंबऱ्याशी त्यानं उजवा पाय नीट उचलून पुढे टाकला, पायरी चढावी तसा. ऑड्रीला हसू आलं. काहीजणांना उगाच ठेच लागायची भीती असते. पण त्याच्या मागून दोघी बहिणी आल्या, त्यांनीही तिथेच पाय उचलला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिनं असे सात जण पाहिले. बाकीचे सरळ चालत आले.

गर्दी ओसरल्यावर ती उठून उंबऱ्याशी गेली. ओकच्या फळ्या सपाट होत्या, शेकडो वर्षांच्या पावलांनी झिजून मऊ झालेल्या. तिनं तळहात फिरवला. एक फळी जरा काळपट होती. पॅसेजच्या अंधारातून येणाऱ्याला ती पायरीसारखी भासत असेल. बरोबर आहे, ती स्वतःशी म्हणाली आणि पुन्हा स्टुलावर बसली.

पुढच्या बाईंनी पाय उचलला तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

"तिथे काही नाहीये, बाई. सपाट आहे सगळं."

बाई मागे वळून बघायला लागल्या. "अगंबाई, खरंच की. पण तुमचे ते पॅसेजमधले गृहस्थ म्हणाले ना, सांभाळा, पायरी आहे. फार अदबीनं म्हणाले."

चहाच्या खोलीत ऑड्रीनं मेव्हिसला विचारलं. मेव्हिस चित्रांच्या दालनात बसायची, पॅसेजच्या अलीकडच्या तोंडाशीच.

"गृहस्थ?" मेव्हिस म्हणाली. "ह्या घरात धड चालता येणारा पुरुष आला तर सगळ्यात आधी मला कळतं. अगं, माणूस माझ्यासमोरून आत जातो आणि तुझ्यासमोर बाहेर पडतो. मध्ये तिथे गारठत कोण बसेल?"

"पॅसेजमध्ये एक दार आहे."

"ते कपडे बदलायच्या खोलीचं. ते बंद असतं."

तेही ऑड्रीनं विचारून घेतलं. घराचा कारभार पाहणारा ग्रॅहम ऑलरेनशॉ किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरायचा. तो म्हणाला, "ती खोली सहा वर्षं कुलपात आहे, ऑड्री. छत गळून जमीन कुजलीय. खाली ग्रंथालयाचं नक्षीचं छत, म्हणजे दुरुस्तीही जपूनच करावी लागणार. तिथे मी मांजरसुद्धा सोडणार नाही. का, काय झालं?"

"काही नाही," ऑड्री म्हणाली.

३

ऑक्टोबर सरत आला. यू झाडांच्या काळ्या कुंपणांवर कोळ्यांची जाळी दवानं पांढरी दिसायला लागली. ऑड्री पडदे ओढायची, बोंडं ठेवायची आणि मग तिचं लक्ष पलंगाकडे नसायचं, उंबऱ्याकडे असायचं.

तिनं बरीच कारणं शोधली. कोणीतरी थट्टा करतंय. पण दर मंगळवारी आणि गुरुवारी, वेगवेगळ्या माणसांकडून? मेव्हिसचाच आवाज पॅसेजमध्ये घुमून घोगरा ऐकू येत असेल. पण मेव्हिस अदबीनं बोलते असं कोणीच म्हटलं नसतं. बहुतेकांनी आवाजच ऐकला होता. पाहिलं होतं ते फक्त एका जोडप्यानं.

"दार जरासं उघडं होतं," त्यातला नवरा म्हणाला. "आत बसले होते."

"कसे दिसतात?"

"तसं काय... गुडघे दिसले. फक्त गुडघे."

"राखाडी विजार," बायकोनं भर घातली. "बिचाऱ्यांना थंडी वाजत असेल तिथे."

एका गुरुवारी काठी टेकत एक म्हातारे आले. त्यांनी पाय उचलला, उंबऱ्याच्या आत येऊन थांबले आणि दम खात म्हणाले, "तुमच्याकडची माणसं फार चांगली आहेत. मला म्हणाले, दमला असाल तर आत येऊन बसा, खुर्ची रिकामी आहे."

ऑड्री स्टुलावरून उठली. "मग?"

"मग काय. बायको पुढे बागेत गेली होती. तिला सोडून कसं बसणार?"

ते गेल्यावर ती पॅसेजमध्ये शिरली. मेणाच्या पॉलिशचा वास, भिंतीची ओल, बाकी काही नाही. दार बंद होतं. तिनं मूठ फिरवून पाहिली, हलली नाही. मग जरा लाज वाटली तरी तिनं दाराला कान लावला. शांतता होती. थोड्या वेळानं त्या शांततेत कापड सरकल्याचा बारीक आवाज आला, दाराबाहेर कोणी उभं आहे हे कळल्यावर बसलेला माणूस जरा सावरून बसावा तसा.

ती मागे वळली आणि घाईघाईनं दालनात आली. मेव्हिस कोड्याच्या पुस्तकात डोकं घालून बसली होती. तिनं वर पाहिलं. "रंग का उडालाय तुझा?"

"उंदीर असतील," ऑड्री म्हणाली.

त्या संध्याकाळी घरी जाताना लेन गाडीच्या काचेतून बाहेरचे बांध बघत होता. मग म्हणाला, "भला माणूस आहे तो."

"कोण?"

"वरचा. तुझ्या खोलीच्या अलीकडचा. काही म्हणजे काही विचारत नाही."

ऑड्रीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "तू वर कधी गेलास?"

"बागेत गारठा वाटला म्हणून आलो होतो. तू कोणाशी तरी बोलत होतीस. परत गेलो." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "का? जायचं नव्हतं का?"

४

हिवाळ्यात हॉल बंद असे, आणि त्या हंगामाचा शेवटचा दिवस गुरुवारीच आला. ऑड्री घरी राहायचं म्हणत होती. पण मेव्हिसनं फोन करून सांगितलं की दोन जणी आजारी आहेत, तू नाही आलीस तर तुझी खोली बंद ठेवावी लागेल. लेन तर सकाळपासून टोपी घालूनच बसला होता. तिनं जूडिथला दोनदा बजावलं, ह्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही.

"लहान मूल आहे का मी?" लेन म्हणाला. तिनं चहाचा थर्मास त्याच्या शेजारी ठेवला.

दुपारी तळ्याकडून धुकं चढायला लागलं. साडेतीनच्या सुमाराला जूडिथ मातीच्या बुटांनिशी थेट पिवळ्या शयनगृहात आली. तशा बुटांनी वर यायची तिला सक्त मनाई होती, आणि ती आली हे पाहूनच ऑड्री उठून उभी राहिली.

"मी फक्त ढकलगाडी ठेवायला शेडमध्ये गेले," जूडिथ म्हणाली. "दोन मिनिटं. बाकावर त्यांची टोपी आहे, चहाचा थर्मास आहे. ते नाहीत. ग्रॅहम तळ्याकडे गेलाय."

तळं. ऑड्रीच्या डोळ्यांसमोर ते काळं पाणी आलं, लव्हाळ्यात अडकलेला लेनचा तपकिरी कोट आला. तिनं अशी माणसं पाहिली होती, काठावर आणून ठेवलेली. "मी आले," ती म्हणाली आणि जूडिथच्या मागे मागच्या जिन्याकडे निघाली.

तेवढ्यात दिवसातली शेवटची पाहुणी पॅसेजमधून आली, पावसाळी टोपी घातलेली एक हसऱ्या चेहऱ्याची बाई. तिनं उंबऱ्याशी पाय उचलला.

"किती छान वाटलं बघून," ती म्हणाली. "इतकी थंडी आणि दोघं जण मजेत गप्पा मारतायत."

ऑड्री थांबली. "दोघं?"

"हो. दार थोडंसंच उघडं होतं, पण दोघांचे गुडघे दिसले ना."

५

पॅसेज नेहमीसारखाच अंधारा होता. मधोमध जमिनीवर उजेडाची एक अरुंद पट्टी पडली होती.

ऑड्रीनं दार बोटांनी ढकललं. खोली लहान होती. सगळ्या सामानावर धुळीनं राखाडी पडलेल्या पांढऱ्या चादरी घातल्या होत्या. मधल्या फळ्या काळ्या पडून खाली झुकल्या होत्या, दोन ठिकाणी तर फळीच नव्हती, नुसता काळोख. त्याच्या पलीकडे खिडकीशी लेन बसला होता, हात मांडीवर ठेवून, एखाद्याच्या घरी पाहुणा म्हणून गेल्यासारखा. त्याच्या समोर दुसरी खुर्ची होती. तिच्यावरही चादर होती.

रिकाम्या खुर्चीवर चादर टाकली की ती पाठीवरून सरळ खाली येते आणि बैठकीच्या काठावरून लोंबते. दर हंगामाच्या शेवटी ऑड्री असल्या वीस खुर्च्या झाकायची. ही चादर तशी लोंबत नव्हती. तिला खांदे होते. मांडी होती. आणि पुढे आलेले दोन लांब, टोकदार गुडघे.

किंचाळायचं नाही, ती स्वतःला म्हणाली. धोक्याच्या जागी उभ्या असलेल्या रोग्याला हाक मारायची ती हळू आवाजात. तिनं चादरीवरून नजर काढली आणि लेनवर ठेवली.

"लेन. चल, चार वाजत आले."

"अगं, तू आलीस होय. ये की. हे म्हणतात, आणखी एक खुर्ची काढता येईल."

"नको. घरी जाऊ या."

"मी थांबतो म्हणालोय ह्यांना." त्याचा आवाज अगदी शांत होता. "इथे बरं वाटतं, ऑड्री. कोणी काही विचारत नाही."

"मीही नाही विचारणार."

"विचारशील. उद्या सकाळी विचारशीलच." त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "वार कोणता ते मला माहीत नसतं. तुझ्या तोंडाकडे बघून सांगतो मी. चुकलं की तुझा चेहरा कसा होतो, तुला माहीत नाही. मला रोज बघावा लागतो."

छत्तीस वर्षांत तिनं किती जणांना धीर दिला असेल. तिला शंभर वाक्यं पाठ होती. त्यातलं एकही ह्या खोलीत चालणार नाही हे तिला कळलं. चादरीखाली काहीतरी किंचित सरकलं, ऐकणारा माणूस पुढे वाकतो तसं.

"लेन," ती म्हणाली, "मला भीती वाटतेय."

त्यानं मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं.

"खूप भीती वाटतेय. पाय कापतायत माझे. मला एकटीला जिना उतरता येणार नाही. गाडीपर्यंत जाता येणार नाही." हे बोलताना तिला कळलं की आपण खरं तेच सांगतोय, आणि फक्त आजचंच नाही.

"असं होय," लेन म्हणाला. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि उठला. समोरच्या खुर्चीकडे वळून त्यानं जरा ओशाळून मान लववली. "मला निघायला हवं. हिला सोबत लागते."

आणि तो सरळ तिच्याकडे यायला निघाला, त्या काळ्या फळ्यांच्या दिशेनं.

"भिंतीकडेनं ये, लेन. भिंतीला धरून."

"हो, हो. ह्यांनीही तेच सांगितलंय." त्यानं तळहात भिंतीवर टेकवला. त्या हातांना भिंत कळायची. तो आडवा होऊन एकेक पाऊल सरकवत येऊ लागला. फळ्या कण्हल्या. कुठूनतरी बारीक माती खाली ग्रंथालयात झरझरत गेल्याचा आवाज आला. ऑड्रीनं त्याच्या बुटांवरून नजर हलवली नाही. एक कोपरा झाला. कपाट झालं. मग त्याचा हात तिच्या हातापर्यंत पोचला आणि तिनं त्याची बाही घट्ट पकडून त्याला बाहेर ओढलं.

दार लावताना मात्र तिनं पाहिलं. पाहायचं नाही असं ठरवूनही पाहिलं. खिडकीशी ती चादर सावकाश उंच होत होती. गुडघे नाहीसे झाले होते, आणि खांदे खिडकीच्या अर्ध्यापर्यंत आले होते, आणि अजून वर चालले होते.

तिनं दार लावलं. पॅसेजमधून ती जवळजवळ त्याला ओढतच चालली. उंबऱ्यापाशी मागून आवाज आला, मऊ, अदबीचा, अगदी जवळून.

"सांभाळा. पायरी आहे."

लेननं पाय उचलला. ऑड्रीनंही उचलला, आणि तिच्या बुटाचं टोक कशाला तरी घासलं.

६

पिवळ्या शयनगृहात दिवे लागले होते. ग्रॅहम धापा टाकत उभा होता, विजार पोटरीपर्यंत चिखलानं भरलेली. जूडिथ लेनला पाहून मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली.

"काय झालं हिला?" लेननं विचारलं.

ग्रॅहमनं त्याच्या कोटावरची पांढरी धूळ पाहिली, बुटांवरचा कुजलेला भुसा पाहिला. तो पॅसेजमध्ये गेला. मूठ फिरवल्याचा आवाज आला, मग किल्ल्यांचा, मग बराच वेळ काहीच नाही. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"कुलूप लागलेलंच होतं," तो हळूच म्हणाला. "पण धुळीत पावलं आहेत. भिंतीच्या कडेनं. ऑड्री, मधून आले असते तर ते थेट खाली..."

"एकाचीच पावलं?"

ग्रॅहमनं किल्ल्यांचा जुडगा पुन्हा कमरेला लावला. "भिंतीच्या कडेला एकाचीच."

"मग पुरे," ऑड्री म्हणाली. "पुढच्या वर्षी मला बागेत काम दे. गाजरं उपटते, काहीही करते. आम्ही दोघं मिळून येऊ."

"गाजरं हिला जमणार नाहीत," लेन म्हणाला, आणि जूडिथ रडता रडता हसली.

दोघं हातात हात घालून जिना उतरले. कोणी कोणाला धरलं होतं ते सांगता आलं नसतं. बाहेर धुक्याला भिजल्या पानांचा वास येत होता. मेव्हिस फाटकापर्यंत सोबत आली, लेनच्या डोक्यावर टोपी ठेवली, ऑड्रीच्या गालावर ओठ टेकले आणि एकही चावट शब्द न बोलता परत गेली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

गावातल्या चिप्सच्या दुकानासमोर ऑड्रीनं गाडी थांबवली. दोघांनी गाडीतच बसून कागदावर तळलेला मासा आणि चिप्स खाल्ले. काचा वाफेनं भरून गेल्या, बाहेरचा रस्ता दिसेनासा झाला, आणि त्या उबेत, व्हिनेगरच्या वासात ऑड्रीच्या खांद्यांतली गाठ हळूहळू सुटत गेली. तिला एकदम हसू फुटलं. मग डोळ्यांतून पाणी आलं. लेननं आपला तेलकट रुमाल पुढे केला.

"किती दिवस भीत होतीस?" त्यानं विचारलं.

"हिवाळ्यापासून."

"मला सांगायचंस."

"हो," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं."

तो खात राहिला. थोड्या वेळानं घास थांबवून म्हणाला, "त्या माणसाला न्यायला येतं का गं कोणी?"

ऑड्रीला खोटं सांगता आलं असतं. "नाही वाटत."

"बिचारा," लेन म्हणाला. त्यानं आपल्याकडच्या माशाचे दोन तुकडे केले आणि मोठा तिच्या कागदावर ठेवला. "खा. गार होतंय."

तिनं तो खाल्ला, सगळाच्या सगळा. कितीतरी महिन्यांत तिला एवढी भूक लागली नव्हती.